डोक्यावर तारा असलेली हाक

६ मार्च

चि. भिंगरी,

पहिली ओळ वाचून पत्र बाजूला सारू नकोस. आईला तुझ्या शहरातल्या त्या इस्पितळात पाठवायचं की नाही, हा विषय या पत्रात नाही. त्यावर आपलं बोलून झालंय. "पाठवायचं ठरलं की कळवा, तोवर मी फोन करणार नाही," असं म्हणून तू रिसीव्हर आपटलास. मी केलेले फोनही उचलत नाहीस. म्हणून पत्र. पत्र आपटता येतं, पण आधी थोडं वाचलं जातं.

आई बरी आहे. उजवा पाय आता ओढत नाही. खिडकीपाशी तिच्या खुर्चीत बसते, उन्हाबरोबर खुर्ची सरकवून घेते. अर्धांगाच्या झटक्यात बसलेली वाचा मात्र तशीच आहे. बोलणं सगळं कळतं, पण तोंडातून चकार शब्द नाही. मी तुझी जुनी पत्रं वाचून दाखवली की माझं बोट धरून दाबते. वाचा-उपचारवाली बाई नेमाने येते. तिच्याकडे चित्रांचे पत्ते असतात: कप, चप्पल, मांजर. आई ती चित्रं अशा सभ्यपणे बघते, की जणू कुणी आपल्या नातवंडांचे फोटो दाखवतंय.

माझं म्हणशील तर कोशकचेरीतून तपासायला शब्दांचा शेवटचा गठ्ठा आलाय. लॅटिनची 'व'ची क्रियापदं. त्यातलं मोठं म्हणजे वोकारे. हाक मारणे. आठवतं? "वोको मी हाकारितो, वोकास तू हाकारिसी". मी वर्गाकडून चालीवर म्हणून घ्यायचो आणि तू त्याच चालीवर दोरीच्या उड्या मारायचीस. आमचे गुरुजी म्हणत, कवितेच्या तासाला शिकलेलं हाडांत मुरतं. म्हणून मी व्याकरणालाही चाल लावली. आता वर्ग नाही, ती मुलं आजोबा झाली, लॅटिनचा तासही बंद पडला. पण दुपारी टेबलाशी बसलो की अजून बाकं सरकल्याचा आवाज येतो.

मास्तरकीची खोड म्हणून पुन्हा सांगतो. लॅटिनच्या मागे तिची आई होती. त्या भाषेतलं एक अक्षरही कुणी लिहून ठेवलेलं नाही. तिच्या मागे तिची आई. लॅटिन, ग्रीक, संस्कृत आणि आपली मराठीसुद्धा तिचीच पिलावळ. या दोघी म्हाताऱ्यांचे शब्द आम्ही लेकीनातींच्या तोंडावळ्यावरून काढतो. असा काढलेला शब्द लिहिताना त्याच्या डोक्यावर एक तारा काढायचा, ही आमच्या धंद्यातली रीत. तारा म्हणजे: हा शब्द कुणी लिहिलेला नाही, आज जिवंत असलेल्या कुणी ऐकलेला नाही, हा आमचा अंदाज आहे. आणि मी प्रत्येक रूप मोठ्याने म्हणून बघतो. डोळ्यांना पटलेलं जिभेला पटेलच असं नाही.

तर परवा दुपारी मी म्हटलं, "वोकारे." मग म्हटलं, "वोक्स. वोक्स म्हणजे आवाज." आणि माझ्या पाठीमागून कुणीतरी मला दुरुस्त केलं.

"वोक्व्स."

वळून पाहिलं तर तुझी आई ताठ बसली होती. तिचे ओठ अजून गोल होते, दिव्यावर फुंकर घातल्यासारखे.

भिंगरी, लॅटिनमधला तो क साधा आहे. आपल्या 'वाक्'मधलाही साधाच. ग्रीक लेकीने त्याचा प करून टाकला. तिघींची तोंडं ताडून बघितली, की मुळातला क ओठांचा चंबू करून म्हणायचा असणार, असं हिशेबाने निघतं. हा हिशेब तुझ्या आईला कुणी सांगितला? तिला तर माझ्या लॅटिनचा मनस्वी कंटाळा. "मेलेल्यांशी गप्पा मारायला तुम्हाला वेळ आहे, जिवंत माणसाचा निरोप द्यायला नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि ती पहिला शब्द बोलली तो हा.

मी लहान मुलासारखा रडलो. उपचारवालीला अजून सांगितलेलं नाही. उगाच नाट लागायला नको.

तुझा,
बाबा


२१ मार्च

चि. भिंगरी,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी, पण तुझ्या अक्षरातल्या. "बाबा, आईने तुमचं ऐकून तेच म्हटलं असेल. उपचारवाल्या बाईंना ताबडतोब सांगा." अगं, पण मी ते म्हटलंच नव्हतं! मी म्हटलं त्याच्या मागचं ती म्हणाली.

तरी तुझ्या शब्दाखातर सांगितलं. उपचारवाली म्हणाली, "आजोबा, असं होतं. मेंदू काहीबाही आवाज बाहेर टाकतो. साफसफाई चाललेली असते." मग आईच्या कानाशी तोंड नेऊन, बहिऱ्याशी बोलावं तशी ओरडली, "आजी, हे काय आहे? क... क... कप!" आई तिच्याकडे बघत राहिली. बाई माझ्याकडे वळली. "तुम्ही घरात त्यांच्याशी साधं बोला हो. पाणी, भूक, ऊन. तुमचं ते रोमन पुराण काही दिवस कपाटात ठेवा. आधीच एक रस्ता बंद पडलाय, तुम्ही त्यांना दुसऱ्या गावाला कशाला धाडताय?"

बाई मनाने चांगली आहे. पण तिला ऐकायचा कान नाही.

ती गेल्यावर मी कपाट उघडलं. शब्दाच्या भावंडांना एकेक करून हाक मारली. ग्रीक ओप्स. जुन्या इराणी पोथ्यांतला वाख्श. मग वाळवंटात पुरलेल्या मठांतून सापडलेल्या एका मेलेल्या भाषेतला वेक. प्रत्येक शब्दाला आई किंचित मान हलवायची. त्यात ओळख असायची, पण उत्साह नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात आपल्या वर्गातला नसलेला कुणी भेटावा तशी. मग मी तारा असलेला शब्द म्हटला. वेक्व. सगळ्यांच्या मागचा. तेव्हा तिचा उजवा हात उठला. दोन बोटांत काहीतरी धरल्यासारखं करून तिने ते समोरच्या हवेत खुपसलं. नोकरीत असताना टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती दोरी बोर्डात घालायची ना, हुबेहूब तशी.

खाली किल्लीवाल्याचं दुकान आहे, तुला ठाऊकच आहे. काल मी वाचनालयातून परतलो तर त्याने कानस खाली ठेवली.

"मास्तर, वहिनी बोलायला लागल्या म्हणा की! पेढे राहू द्या, निदान कळवायचं तरी."

"अरे, एखादा शब्द बोलते."

"एखादा? तासभर चाललं होतं. पाहुणे कोण आलेत?"

"कुणी नाही."

"मास्तर, माझे कान कुलपाच्या आतला खटका ऐकतात. दोन आवाज होते. एक वहिनींचा."

मी हसलो. म्हटलं, रेडिओ असेल. मग जिना चढताना आठवलं, रेडिओ मीच दुरुस्तीला दिलाय.

तू एकदा येऊन ऐकलंस तर तुलाही पटेल. फोन नको तर नको. ये.

तुझा,
बाबा


९ एप्रिल

चि. भिंगरी,

तू उपचारवालीला परस्पर फोन केलास आणि तिने तुला सांगितलं, की "आजोबांनीच येऊ नका म्हटलं." खरं आहे. आता तुझं रागाचं पत्र समोर आहे, आणि त्यातला एकही शब्द मला खोडता येत नाही. पण का थांबवलं ते तरी ऐक. ती 'कप' म्हणायची आणि तुझी आई दचकायची. तुझी आई आपल्या मार्गाने बोलती होत होती. मी म्हटलं, जाऊ दे तिला तिच्या मार्गाने.

तो मार्ग कुठे जातो ते मी विचारलं नाही.

परवा दुपारी वाचनालयात जातो असं सांगून मी दार ओढलं आणि जिन्यातच बसलो. मग ती बोलली. तारा असलेला तो शब्द, प्रश्न विचारावा तसा. मग थांबली. भिंगरी, मी जन्मभर पोरांना कविता म्हणायला शिकवली. विराम किती प्रकारचे असतात ते मला कळतं. श्वास घ्यायचा विराम वेगळा, विसरल्याचा वेगळा, आणि समोरचं माणूस बोलत असताना आपण गप्प राहतो तो वेगळा. हा तिसरा होता. ती मध्येच "हं" म्हणाली. पुढे हलकेच हसली. ते तिचं कामावरचं हसू होतं, समोरच्याला धीर द्यायचं. मग काही शब्द बोलली. ते शब्द मी पन्नास वर्षांत कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाहीत. त्यांच्या डोक्यावर तारा काढावा इतकाही पुरावा जगात नाही.

मला दुसरा आवाज ऐकू आला नाही. पण त्या विरामात जिन्यातला गारवा वाढायचा, आणि ती बोलू लागली की कमी व्हायचा.

मी आत गेलो. म्हटलं, "अगं, चहा घेतेस ना?" तिने पाहिलंही नाही. तिच्या नावाने हाक मारली. लग्नाआधीच्या नावाने मारली. तुझं नाव घेतलं. शेवटी तुझं जुनं पत्र काढून वाचलं आणि माझं बोट तिच्या हातात दिलं. ते तिथे नुसतं पडून राहिलं. पूर्वी ती बोलत नव्हती, पण ऐकत होती. आता ती बोलते, आणि आपलं काही तिच्यापर्यंत पोचत नाही. मला वाटलं होतं मी तिला परत आणतोय. मी तिला बोट धरून मागे मागे नेलं. जाण्याची वाट मला पाठ आहे. येण्याची कुठल्याच कोशात दिलेली नाही.

आणखी एक. हे हसण्यावारी ने. काल किल्लीवाल्याकडे गेलो आणि म्हणालो, "अरे, मला ती एक हवी आहे. ती... दारात घालून फिरवतात ती."

तो आधी हसला. "मास्तर, माझ्या डोक्यावरच्या पाटीवर तिचं दीड फुटी चित्र आहे!" मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. त्याने स्टूल पुढे केलं. "बसा मास्तर. किल्ली. किल्ली म्हणतात तिला."

तुझा,
बाबा


२० एप्रिल

चि. भिंगरी,

तुला आईची सुपरवायझर आठवते का? सगळ्या मुली जिला 'हेडबाई' म्हणायच्या, ती. वयाने आईहून बरीच मोठी, काठी टेकत येते, पण आवाज तोच, अर्ध्या गावाला वळायला लावणारा. आज सकाळी भेटायला आली. आईच्या खुर्चीसमोर उभी राहिली, हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग कुजबुजत मला म्हणाली, "हळू बोला. ही लाइनवर आहे."

मी म्हटलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे काय काय? डोळे बघा. मान बघा, डावीकडे कललेली. तीस वर्षं माझ्यासमोर अशी बसायची. कॉल कुणी लावला?"

मी सांगितलं सगळं. वोकारे, तिची आई, तिच्या आईची आई. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "आमचंही तसंच असायचं हो. लांबच्या गावाला एकदम कुठे लागायचं? आपण शेजारच्या एक्स्चेंजला हाक द्यायची, त्यातली बाई तिच्या पुढच्याला, ती तिच्या पुढच्याला. शेवटची बाई कोण, काळी की गोरी, आपल्याला कधी दिसायची नाही. नुसता आवाज. तुम्ही हिला असंच गावोगावी नेलंत आणि शेवटच्या गावात कुणीतरी उचललं."

"मग तिला सांगा ना, झालं म्हणून! बोलणं संपलं."

"मास्तर, तुमचं संपलं असेल. पलीकडच्याचं संपलेलं दिसत नाही. आणि चालू लाइन सोडून आमची मुलगी उठत नाही. इमारतीला आग लागली होती तेव्हाही ही उठली नव्हती, शेवटी मी हिला खुर्चीसकट ओढलं."

आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. आई "हं, हं" म्हणत होती, समजुतीने, खूप दुःखी माणसाचं ऐकावं तशी. मी विचारलं, पलीकडे कोण असेल? हेडबाई म्हणाली, "ते आम्ही कधी विचारत नव्हतो."

पण मी विचार करत राहिलो. वाक् म्हणजे वाणी, वोक्स म्हणजे आवाज, वोकारे म्हणजे हाक. या सगळ्यांच्या मुळाशी जो आवाज आहे तो पहिल्यांदा कुणी, कुणासाठी काढला असेल? कोशात अर्थ देता येतो, पण माणूस देता येत नाही. लिहिणं जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, कुठल्या तरी माळावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारली असेल. ज्याला मारली तो आला का, हे कुणी लिहून ठेवणार कसं?

हेडबाई निघताना उंबऱ्यात थांबली. "एक मार्ग होता. तातडीचा कॉल. तो आला की आम्ही कुणालाही मध्ये थांबवायचो. मंत्री असो, सावकार असो, 'माफ करा, तातडीचा आहे' म्हणायचं आणि तो आधी घ्यायचा. तो नियम हिच्या रक्तात आहे. पण तो खरा तातडीचा हवा. खोटा असेल तर आवाजावरून कळायचं आम्हाला. तुमचा नाही चालणार, तुम्ही तर खोलीतच आहात. बाहेरून यायला हवा. हिचं असं कोण आहे बाहेर?"

एवढं विचारून ती काठी टेकत जिना उतरली.

बाबा


२७ एप्रिल

भिंगरी,

तू म्हणशील तसं. आईला घेऊन जा. ती खाट, ते डॉक्टर, सगळं कबूल. मी आडवा येणार नाही. अट नाही, पुढे "पण" नाही.

फक्त एक कर. येण्याआधी फोन कर. रविवारी दुपारी, ऊन तिच्या खुर्चीवर असतं तेव्हा. मी उचलणार नाही, तिच्या हातात देईन. कसं बोलायचं ते मी सांगत नाही. तुला खरोखर जे तातडीचं वाटतं ते बोल. रागाचं असलं तरी चालेल.

हे पत्र लिहायला सकाळ गेली. शब्द हाताशी येतात आणि फिरून जातात. खोलीत त्या पांढऱ्या, चौकोनी, ज्यावर डोकं ठेवतात, त्या दोन आहेत, हे मला दिसतं. नाव नाही. आई रात्रंदिवस बोलते आहे. तिचा आवाज बसत चाललाय. पाणी पाजलं तर पिते, पण दोन शब्दांच्या मधल्या विरामात. तो विराम हल्ली फार छोटा असतो.

तुझी मान खाली जाईल असं मी काही मागत नाही. फोन कर.

बाबा


८ मे

चि. भिंगरी,

फोनवर तू जे ऐकलंस ते तुला माहीत आहे. जे पाहिलं नाहीस ते लिहितो. सावकाश वाच, मीही सावकाश लिहितोय. ज्या शब्दाला मी अडतो तो तुझी आई पुरवते. ती माझ्या शेजारी, स्टुलावर बसली आहे. हो, पुरवते. मराठीत. अडखळत, पण अगदी तिच्या जुन्या तोऱ्यात. मघाशी म्हणाली, "उशी. उशी म्हणतात त्याला. मास्तर कसले तुम्ही!"

घंटा वाजली तेव्हा ती बोलत होती. ती थांबली नाही. दुसऱ्यांदा वाजली तशी तिच्या कपाळावर आठी पडली. मी रिसीव्हर उचलून तिच्या कानाला लावला. तुझा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "आई, तू माझ्याशी का बोलत नाहीस? मला भीती वाटते गं आई!" लहानपणी तापात ओरडायचीस तशी. मला वाटलं होतं तू रागावशील. तू रडलीस, ते फार बरं केलंस.

आईने डावा हात वर केला, हवेतल्या कुणाला तरी थांबा म्हणावं तसा. आणि इथे तू जे ऐकलंस ते म्हणाली, "माफ करा, तातडीचा आहे."

त्यानंतर तुला वाटलं असेल, की ती लगेच तुझ्याशी बोलली. तसं नाही झालं. मध्ये जो वेळ गेला, ज्यात तू "आई? आई?" करत होतीस, त्या वेळात तिने माझी बाही पकडली. केवढा जोर होता त्या हातात! तिने मला ओढलं, स्वतः खुर्चीच्या कडेला सरकली, मला शेजारी दाबून बसवलं आणि मी नीट टेकलोय हे बघून मगच उठली. फोनची दोरी हातभर ताणून, उभ्यानेच तिने तुला विचारलं, "भिंगरे, जेवलीस का?"

नंतर मी तिला विचारलं, असं का केलंस? ती म्हणाली, "पाळी बदलली. पुढची बाई बसल्याशिवाय... आधीची उठत नाही." मग माझ्याकडे बघवेना म्हणून पदराने फोन पुसत राहिली.

मला त्या क्षणी काही ऐकू आलं नाही. तुझं नि तिचं बोलणं चाललं होतं, मी दोघींच्या आवाजात न्हाऊन निघत होतो. तू फोन ठेवलास आणि घर शांत झालं. तेव्हा आलं.

भिंगरी, पलीकडे एक बाई आहे. आवाज मध्यमवयीन, थकलेला, घसा कोरडा. ती एकच शब्द म्हणते. मी ज्याच्या डोक्यावर तारा काढत होतो तसलाच. आमचा अंदाज थोडा चुकलाय, त्यात शेवटी एक सूर आहे, तो लिहिता येत नाही. चाल मात्र ओळखीची आहे. तिन्हीसांजेला लांब गेलेल्या पोराला घरी बोलवायची चाल सगळीकडे एकच असते. तीच. ती हाक मारते, थांबते, ऐकते, पुन्हा मारते. तिला तिथे किती काळ झाला असेल याचा विचार करू लागलो की वर्षं मोजायला आकडे पुरत नाहीत.

मी आईला म्हटलं, "तू हिला काय सांगत होतीस?"

"थांबा, जोडते. एवढंच."

"इतके दिवस?"

"मग काय सांगणार?"

"सांगायचं, इथे तुमचं कुणी नाही. 'न' म्हणायचं. अगं, तो एक शब्द बहुतेक घरांत जवळजवळ तसाच राहिलाय. लॅटिनमध्ये ने, संस्कृतात न, आपल्यातही न. तिला नक्की कळला असता."

आईने पदर खोचला. म्हणाली, "तुम्ही सांगून बघा."

मी सांगायला बसलो. खरंच सांगणार होतो. आयुष्यभर तुला, तिला, शाळेला, कितीजणांना किती सहज नाही म्हटलं मी. तोंड उघडलं. माझ्या श्वासाचा आवाज तिला पोचला असावा, कारण हाक मध्येच थांबली. पलीकडे कुणीतरी श्वास रोखून धरला. इतक्या आशेने माझं उत्तर ऐकायला माझ्या वर्गातलं एकही पोर कधी थांबलं नव्हतं.

आणि मी म्हटलं, "ओ."

आईने तोंडावर हात नेला. म्हणाली, "अहो, हे काय केलंत?"

काय केलं ते मला अजून नीट ठाऊक नाही. त्या क्षणापासून हाक बंद झाली आहे. आता चालण्याचा आवाज येतो. मऊ मातीतून, भरभर, मध्ये कुठेही न थांबता. सकाळी होता त्याहून आता जवळ आहे, आणि जिना पुन्हा गार पडलाय. खालून किल्लीवाला येऊन विचारून गेला, की मास्तर, सगळं ठीक आहे ना. त्याच्या बोलण्यातलं मला "मास्तर" तेवढं कळलं, बाकीचं आईने सांगितलं.

मला खुर्चीतून उठता येणार नाही. तो नियम आता माझ्याही रक्तात आला आहे, आणि खरं सांगायचं तर मला उठायचंही नाही. कोणी येतंय म्हटल्यावर घरात कोणीतरी असावं.

पण तुझ्या आईने इथे असू नये. ती म्हणाली, "हे वाक्य गाळा," पण मी गाळलेलं नाही. तू फोनवर म्हणालीस तशी येत्या रविवारची वाट बघू नकोस. हे पत्र हातात पडेल त्या दिवशी निघ. तिची बॅग भरून दाराशी ठेवली आहे. वरच्या कप्प्यात औषधं आहेत.

बाबा